लाकूड जाळणारा फायरप्लेस इन्सर्ट: थंडीआधी झीज कुठे शोधायची, काय बदलायचे आणि काय तसेच चालते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विकत घेतलेल्या घरात विटांच्या जुन्या फायरप्लेसमध्ये बसवलेला, लाकूड जाळायचा इन्सर्ट, म्हणजे काचेचे दार असलेली धातूची बंद पेटी, आधीपासूनच होता. मागच्या हिवाळ्यात हवेची (हवा कमी-जास्त करायची) पट्टी पूर्ण बंद करूनही लाकूड भराभर संपायचे. काचेचा उजवा खालचा कोपरा रोज काळा पडायचा. आतल्या दोन विटांना तडे गेले आहेत. थंडी सुरू होण्याआधी काय तपासावे, त्यातले घरच्या घरी काय जमेल आणि कारागीर कशासाठी बोलवावा?

तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी विटांची मला सर्वात कमी काळजी वाटते. लाकूड भराभर संपते, याची बऱ्यापैकी वाटते. आणि जे तुम्ही विचारलेच नाही, म्हणजे इन्सर्टच्या मागे आणि वर चिमणीत काय आहे, त्याची सर्वात जास्त.

उघड्या फायरप्लेसमध्ये आग वाटेल तेवढी हवा ओढते आणि बरीचशी ऊब चिमणीतून निघून जाते. इन्सर्टमध्ये हवा ठरलेल्या छिद्रांतून, ठरलेल्या प्रमाणात येते, धूर वरच्या आडव्या फळीखाली पुन्हा पेटतो आणि उरलेला वायू एकाच वाटेने बाहेर पडतो. म्हणून प्रत्येक भागापाशी एकच गोष्ट पाहायची: इथून नको ती हवा आत शिरते का, किंवा धूर नको तिकडे जातो का? तसे होत नसेल तर तो भाग कितीही कळकट दिसला तरी अजून चालेल. होत असेल तर तो बाहेरून नवा दिसला तरी दुरुस्त केल्याशिवाय आग पेटवायची नाही.

खरे तर ही तपासणी हिवाळा संपल्या संपल्या करावी. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा धरून ठेवतात, आणि अशी ओलसर राख उन्हाळा-पावसाळाभर पेटीत पडून राहिली की पोलाद खालून खायला लागते. शिवाय थंडीच्या तोंडावर सगळ्यांनाच सुटे भाग आणि कारागीर हवे असतात. तुमची ती वेळ टळली असेल तर निदान आता पहिल्या थंडीची वाट पाहू नका.

सुरुवात करण्याआधी पेटी पूर्ण गार हवी. राखेत दडलेला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो, म्हणून राख झाकणाच्या धातूच्या बादलीत काढायची आणि बादली घराबाहेर, न जळणाऱ्या जागी ठेवायची. साध्या घरगुती व्हॅक्यूमने राख ओढू नका; बारीक राख त्याच्या गाळणीतून आरपार जाऊन खोलीभर पसरते आणि आत निखारा गेला तर पिशवी पेटते. ब्लोअर, म्हणजे ऊब खोलीत ढकलणारा पंखा, असेल तर त्याचा प्लग काढा. तोंडाला चांगला धूळरोधक मास्क बांधा. हे नुसते काजळीसाठी सांगत नाही. वरच्या फळीवर पांढऱ्या लोकरीसारखा सिरॅमिक थर असतो, आणि वर्षानुवर्षे तापलेल्या त्या थराची धूळ फुप्फुसांना घातक असते. इन्सर्ट १९८०च्या आधीचा असण्याची शक्यता असेल तर दाराच्या कडेने हवा रोखणारी दोरी आणि सांध्यांतला जुना लेप यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा खरवडू नका, आधी जाणकाराला दाखवा.

आता चिमणी. पूर्वी बरेच इन्सर्ट नुसते फायरप्लेसच्या तोंडात ढकलून बसवले जात. धुराचे तोंड मागच्या विटांच्या पोकळीत मोकळे सोडलेले असे आणि तिथून धूर आपला आपण चिमणीत जाईल अशी अपेक्षा असे. इन्सर्टचा धूर उघड्या आगीच्या धुराइतका गरम नसतो आणि त्याच्यापुढे एवढी मोठी, गार पोकळी आली की तो भिंतींवर थिजतो. धुराचे तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्ये एकत्र गोठून क्रिओसोट तयार होते. ते पेटीच्या मागे, डोक्यावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी साठत राहते. झाडायचे म्हटले तरी अख्खा इन्सर्ट ओढून बाहेर काढावा लागतो. इन्सर्टच्या धुराच्या तोंडापासून थेट चिमणीच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलचा अखंड लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून जाणारी नळी, हवा. तुमच्याकडे तो आहे की नाही, हे सगळ्यात आधी शोधा.

ते घरी पाहता येते. आतली आडवी फळी, म्हणजे बॅफल, बाहेर काढा. बहुतेक मॉडेलमध्ये एक-दोन खिळी किंवा पिना काढल्या की ती सुटते. मग मोबाइलचा कॅमेरा दिव्यासकट आत वर धरा. गोल पोलादी नळी वरपर्यंत जाताना दिसली तर ठीक. काही फुटांवर नळी संपून विटा दिसू लागल्या, किंवा नळीच नसली, तर बाकीची तपासणी सोडा आणि लायनर बसवून घेईपर्यंत आग पेटवू नका. लायनर असेल तर तो इन्सर्टच्या तोंडाला जिथे जोडला आहे तिथे स्क्रू जागेवर आहेत का, सांधा सरकला आहे का, गंजाची भोके आहेत का, हे बघा. समुद्रातून वाहून आलेले खारे लाकूड, प्लास्टिक किंवा रंगवलेल्या फळ्या कुणी जाळल्या असतील तर स्टेनलेस स्टीलसुद्धा क्लोराइडमुळे आतून टोचल्यासारखे खड्डे पडून गळते.

क्रिओसोट हाताला कसे लागते यावरून पुष्कळ कळते. भुरभुरीत, मखमली काजळी असेल तर ब्रशने निघेल. कुरकुरीत काळे पापुद्रे निघत असतील तर आग मंद आणि धुरकट जळत होती. तेही झाडून निघतात, पण जोर लावावा लागतो. चकचकीत, काळ्या काचेसारखा घट्ट थर असेल तर त्याला ब्रश लागत नाही. तो काढायला यांत्रिक साखळ्या किंवा रसायने लागतात आणि ते काम घरी करायचे नाही. थर साधारण ३ मिलिमीटर झाला की चिमणी झाडायलाच हवी. चकचकीत थर असेल तर जाडी मोजत बसू नका. फुगून स्पंजासारखे झालेले, वजनाला हलके क्रिओसोट दिसले, किंवा स्टीलवर निळे-जांभळे डाग आणि वाकलेला पत्रा दिसला, तर चिमणीत कधीतरी आग लागून गेली आहे असे समजा. अशा आगीचे तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकते आणि खालच्या खोलीत बसलेल्यांना तिचा पत्ताही लागला नाही, असे होते. त्यानंतर कॅमेऱ्याने पूर्ण चिमणी पाहिल्याशिवाय ती वापरात आणता येत नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचे २११ क्रमांकाचे मानक चिमणीची तपासणी वर्षातून किमान एकदा सांगते आणि घराची मालकी बदलताना कॅमेऱ्यासह सखोल तपासणी सांगते. तुम्ही कुठेही राहत असलात तरी दुसरी सूचना तुमच्या घराला लागू करा. आधीच्या मालकाने काय जाळले, किती जाळले, हे तुम्हाला ठाऊक नाही. कारागीर बोलवायचा तो यासाठी, आणि चिमणी झाडण्यासाठी. छपरावर स्वतः चढू नका. चिमणीची टोपी आणि तिची जाळी दुर्बिणीने खालूनही दिसते. जाळी सगळ्यात वर आणि सगळ्यात गार असल्यामुळे तीच आधी तुंबते. कधी पक्ष्यांचे घरटे असते. पहिल्याच दिवशी खोलीत धूर परतला तर बहुतेक वेळा दोष तिथे सापडतो.

पेटीच्या आत आलात की आधी बॅफल नीट बघा. ही फळी व्हर्मिक्युलाइटची (उष्णता सोसणाऱ्या हलक्या खनिजाची), सिरॅमिक तंतूंची किंवा पोलादाची असते. ज्वाळांना पुढे वळसा घालायला लावणे आणि धूर पुन्हा पेटेल इतकी उष्णता धरून ठेवणे, हे तिचे काम. ती मध्ये खचली असेल, तिला भोक पडले असेल किंवा ती मागच्या भिंतीला टेकत नसेल, तर ज्वाळा आडवाटेने सरळ चिमणीत घुसतात. लाकूड भराभर संपण्याचे हे एक ठळक कारण आहे. चिमणी झाडताना फळी काढतात आणि परत बसवताना ती बोटभर पुढे राहते, किंवा वरची सिरॅमिक चादर गोळा होऊन मागे अडकते, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. त्यामुळे कारागीर निघण्याआधी त्याच्यासमोरच फळीची जागा तपासा. फळीखालच्या, हवा सोडणाऱ्या आडव्या नळ्यांची छिद्रे मोकळी असावीत आणि नळ्या मध्ये झुकलेल्या नसाव्यात. झुकलेली नळी म्हणजे पेटी कधीतरी प्रमाणाबाहेर तापली होती.

विटांबद्दल फार लिहायला नको. केसाएवढा तडा चालतो. दोन तुकडे झाले असले तरी ते जागच्या जागी घट्ट बसलेले असतील तरीही चालतो. वीट भुसभुशीत होऊन बोटाने निघत असेल, तुकडा पडला असेल किंवा फटीतून मागचे पोलाद दिसत असेल तर बदला, कारण मग तेवढ्याच जागी पोलाद तापून वाकते. बदलताना बांधकामाची वीट वापरू नका आणि हाताला लागेल ती अग्निरोधक वीटही नको. हलकी सच्छिद्र वीट उष्णता पेटीत ठेवते, जड वीट ती शोषते. पेटी ज्या प्रकारासाठी बनवली आहे तोच प्रकार, त्याच जाडीचा हवा. व्हर्मिक्युलाइटच्या पाट्या असतील तर त्या मऊ असतात आणि बहुतेक वेळा झिजण्याऐवजी लाकूड फेकून टाकल्यामुळे फुटतात. लाकूड हाताने ठेवा.

विटा बाहेर काढल्याच असतील तर पोलादाचे वेल्डिंगचे सांधे बघून घ्या, विशेषतः कोपरे आणि धुराच्या तोंडाचा भाग. रात्री खोलीत अंधार करून पेटीत प्रखर टॉर्च ठेवा, दार लावा आणि बाहेरून कुठे उजेड झिरपतो ते शोधा. इन्सर्टच्या बाबतीत अडचण अशी की पेटीच्या तिन्ही बाजू भिंतीत असतात. पुढची शोभेची चौकट काढली तर थोडे आत दिसते, पूर्ण नाही. आत तडा दिसला तर बाहेरचा उजेड दिसो न दिसो, तो तडाच समजा. बिडाच्या पेटीत पत्रे एकमेकांना लेपाने सांधलेले असतात आणि तो लेप वाळून गळतो. तो नव्याने भरता येतो. बिडाला किंवा पोलादालाच आरपार तडा गेला असेल तर मात्र लेप लावून भागवू नका. पोलाद असेल तर योग्य माणसाकडून वेल्डिंग करून घेता येते, बीड बहुधा बदलावेच लागते. वरवरचा तांबूस गंज ब्रशने घासून उष्णतारोधक रंगाने झाकता येतो. पोपडे धरून निघणारा गंज आणि त्याखाली पातळ झालेला पत्रा ही वेगळी गोष्ट आहे. असा गंज वरच्या भागात असेल तर चिमणीतून पाणी येत आहे आणि आधी ते थांबवायला हवे.

फटींविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आग जोरात असते तेव्हा चिमणी ओढ घेते, त्यामुळे फटीतून हवा आत जाते आणि बाहेर काहीच जाणवत नाही. पहाटे नुसते निखारे उरतात तेव्हा ओढ कमी होते, आणि नेमके निखारेच कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडतात. म्हणून ‘धूर तर कधी आला नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. या वायूला रंगही नसतो, वासही नसतो. खोलीत आणि झोपायच्या जागेजवळ त्याचा अलार्म असावा. बटण दाबून तो वाजतो का पाहा आणि मागे छापलेली मुदत वाचा. आतला संवेदक काही वर्षांनी निकामी होतो, बॅटरी नवी घातली तरी.

आता दार. तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक इथेच आहे. दाराच्या कडेने खोबणीत काचतंतूंची दोरी असते. नवी असताना ती मऊ आणि गुबगुबीत असते. तापून, दाबून ती चपटी आणि कडक होते आणि मग हवा रोखत नाही. कागदाची एक पट्टी दार आणि चौकट यांच्यामध्ये धरा, दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडली पाहिजे. फाटली तर उत्तमच. सहज सरकली तर तिथे गळती आहे. असे बोटभर अंतराने चारही बाजूंनी करा, फक्त मधोमध नाही. बिजागरी डावीकडे असेल तर तुमचा काळा कोपरा कडीच्या बाजूला, खाली येतो. बिजागरीची खिळी झिजून दार किंचित खाली बसले की तिकडची दोरी चौकटीच्या कडेवर नीट टेकत नाही. दार थोडे उघडून कडीच्या बाजूने वर उचलून पाहा. खटखट वर-खाली हलत असेल तर आधी बिजागरी, मग कडी, आणि शेवटी दोरी. कडी बहुतेक इन्सर्टमध्ये एखादी चकती काढून किंवा स्क्रू फिरवून आवळता येते. दोरी चांगली असेल तर तेवढ्यानेच काम होते. नवी दोरी घालून दार तिरकेच ठेवलेत तर तीही एका हिवाळ्यात चपटी होईल.

दोरी बदलणे घरी जमते. जाडी आणि घनता माहितीपुस्तकात दिलेलीच घ्या. जाड दोरी घातली की दार जोर लावून बंद करावे लागते, बिजागरी वाकते आणि काचेवर ताण येतो. बारीक घातली तर गळती तशीच. खोबणीतला जुना गोंद तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. दोरी आधी कोरडीच बसवून मापाने कापा, आणि बसवताना अजिबात ताणू नका, कारण ताणली की ती तिथे बारीक होते. टोके एकमेकांवर न चढवता भिडवा. उष्णता सोसणारा गोंद लावून दार हलके लावून ठेवा; मध्ये प्लास्टिकचा पातळ कागद ठेवला म्हणजे दोरी चौकटीला चिकटत नाही. गोंद वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या आणि मग पहिली आग लहान ठेवा.

राखेचा कप्पा किंवा राख पाडायचे झाकण असेल तर त्याची दोरी आणि बैठकही याच कागदाने तपासा. दारापेक्षा ही गळती वाईट. निखाऱ्यांच्या खालून येणारी हवा भात्यासारखे काम करते. आग पट्टीने आवरत नाही आणि जाळी, विटा, तळ सगळे भाजून निघते. मात्र हवेची पट्टी पूर्ण बंद केली तरी बऱ्याच आधुनिक इन्सर्टमध्ये थोडी हवा येतच राहते, कारण आग धुमसू नये म्हणून निर्मात्याने ती मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे आग विझली नाही, यात दोष नाही. पट्टी हलवल्यावर काही मिनिटांत ज्वाळा मंद, आळसावल्यासारख्या होत नसतील तर दोष आहे. ती पट्टी मागून बघा. कधी तिचा दांडा सुटलेला असतो आणि हातातली मूठ नुसती पुढे-मागे होत असते.

काचेभोवती वेगळी चपटी पट्टी असते. वरून काचेवर हवेचा एक पातळ पडदा खाली उतरत असतो, तोच काच स्वच्छ ठेवतो. एका कोपऱ्यात बाहेरची गार हवा शिरली की पडदा तिथे तुटतो, काच गार पडते आणि डांबर तिथेच बसते. अख्खी काच सारखी काळी होत असती तर मी ओल्या लाकडाला दोष दिला असता. एकच कोपरा असेल तर आधी त्याच कोपऱ्यातली दोरी, काचेची पट्टी आणि स्क्रू, मग लाकूड काचेला टेकत होते का, ते पाहा. काचेचे स्क्रू घट्ट आवळू नका, काचेला तापल्यावर थोडे सरकायला जागा लागते. काचेला तडा असेल तर ती बदलेपर्यंत आग नाही. बदलताना सिरॅमिक काचच मागा. ती ७०० अंशांच्या आसपासचे तापमान सोसते. टेम्पर्ड काच त्याच्या निम्म्यालाही टिकत नाही आणि फुटते तेव्हा निखारे खोलीत येतात.

तुमच्या इन्सर्टमध्ये उत्प्रेरक, म्हणजे धूर पुन्हा जाळणारी, मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिक जाळी असेल तर तिची घरे राखेने भरलेली नाहीत ना, एवढे पाहा. मऊ ब्रशने झाडा, तारेचा ब्रश लावू नका. बारीक भेगा चालतात, तुकडे गळत असतील तर बदला. तिला वळसा देणारी झडप घट्ट बसते का, तेही कागदानेच कळते.

ब्लोअर खडखडत असेल तर बहुतेक वेळा पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि केस साचून तोल गेलेला असतो. साफ करा, वायरचे आवरण कुठे कडक किंवा काळे झाले आहे का पाहा. पुढच्या फरशीला फटी असतील तर भरा, कारण ठिणगी खालच्या लाकडापर्यंत पोचू शकते. फायरप्लेसच्या वर भिंतीला लावलेली लाकडी फळी तपकिरी पडत असेल तर तिकडे दुर्लक्ष करू नका. वारंवार तापलेले लाकूड हळूहळू कोळशाकडे झुकते आणि पुढे कमी तापमानाला पेटते.

सगळे झाल्यावर एक ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओलावामापक लावा. २० टक्क्यांच्या खाली असेल तरच ते लाकूड यंदाचे; त्याच्यावर असेल तर पुढच्या वर्षी. पहिली आग दिवसा, खिडकी थोडी उघडी ठेवून, बारीक लाकडांची करा. रंग आणि गोंद तापल्याचा वास थोडा वेळ येईल, तो जायला हवा. आग स्थिरावली की पेटती उदबत्ती दाराच्या कडेने सावकाश फिरवा. धूर जिथे झटकन आत ओढला जातो तिथे खडूने खूण करा आणि पेटी गार झाल्यावर त्या जागी पुन्हा कागदाची पट्टी लावून पाहा. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू करून हीच उदबत्ती पुन्हा फिरवा. आता धूर खोलीकडे वळला तर दोष इन्सर्टचा नाही, घरात बाहेरून येणारी हवा कमी पडते आहे, आणि आग चालू असताना तो पंखा बंद ठेवावा लागेल किंवा इन्सर्टला बाहेरच्या हवेची स्वतंत्र नळी द्यावी लागेल.